प्रवेश तिन्हीकडे मिळेल, पदवी कुठे हाती पडेल? इंदूरच्या सरकारी वाटांची तुलना

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधला एक आकडा दर मे-जूनमध्ये भाषणांतून हमखास ऐकू येतो: २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं. २०१८ साली ते २६.३ होतं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात ते २८.४ झालं, आणि त्यात मुलींचं प्रमाण (२८.५) मुलांपेक्षा (२८.३) किंचित पुढे होतं. आनंदाची गोष्ट आहे. पण लोकमान्य नगरात किंवा राजेंद्र नगरात ज्यांच्या घरी नुकताच बारावीचा निकाल लागलाय, त्यांना या आकड्याने काय ठरवता येतं? फारसं काही नाही, आणि का नाही ते आधी बघू. त्यावरच पुढची तुलना उभी आहे.

हे लिहितोय ते अशा घरांसाठी, जिथे खासगी विद्यापीठाची फी परवडत नाही, किंवा परवडली तरी द्यायची नाही. इंजिनियरिंग आणि मेडिकलची मंडळी यात धरलेली नाहीत, त्यांची गणितं निराळी. उरतात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.बी.ए., बी.सी.ए. आणि विद्यापीठाचे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम. इंदुरात यांच्यासाठी तीन मोठ्या सरकारी वाटा आहेत: शासकीय महाविद्यालय, देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा स्वतःचा विभाग, आणि मुक्त विद्यापीठ. चौथी एक आडवाट आहे, तिच्याबद्दल पुढे दोन शब्द.

सरकार काय मोजतं, आपण काय मोजायचं

सकल नोंदणी प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. देशभरात कुठल्याही वयाच्या जितक्या विद्यार्थ्यांचं नाव उच्च शिक्षणात नोंदलेलं आहे, त्या संख्येला १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येने भागायचं आणि टक्के काढायचे. आता यातली गंमत बघा. पहिल्या वर्षात तीनदा अडकलेला मुलगा तिन्ही वर्षं या आकड्यात भर घालत राहतो. तीन वर्षांत पदवी घेऊन कामाला लागलेली त्याच्याच वर्गातली मुलगी चौथ्या वर्षी यादीतून बाहेर पडते. म्हणजे राष्ट्रीय ध्येयाच्या खात्यात अडकलेला मुलगा जमेच्या बाजूला असतो. तुमच्या घरच्या खात्यात तो कुठे असतो, ते तुम्हीच जाणता.

याआधीचं ध्येयही याच धाटणीचं होतं. २०२० पर्यंत ३० टक्के गाठायचे, असं पंधराएक वर्षांपूर्वी जाहीर झालं होतं. २०२०-२१ च्या सर्वेक्षणात आकडा निघाला २७.३. मध्येच छेदातली लोकसंख्या २००१ ऐवजी २०११ च्या जनगणनेवरून धरायला सुरुवात झाली, तेव्हा २०१९-२० चं २७.१ हे प्रमाण नव्या हिशेबाने २५.६ वर आलं. इतक्या सहज हलणाऱ्या आकड्यावर पोराच्या तीन वर्षांचा निर्णय टाकण्यात अर्थ नाही.

सर्वेक्षणात त्या-त्या वर्षी किती जण पास होऊन बाहेर पडले तेही असतं. २०२१-२२ ला हा आकडा साधारण १ कोटी ७ लाख होता. पण अमुक कॉलेजात अमुक साली आत आलेल्या शंभरांपैकी वेळेत किती सुटले, हे पालकाला समोर ठेवून बघता येत नाही. अमेरिकेत १९९० च्या एका कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला हा दर जाहीर करावा लागतो, तोही ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळात किती जणांनी पदवी घेतली असा. म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षांची मुभा. २०१५ पासून तो दर, फी आणि नंतरची कमाई एकाच सरकारी संकेतस्थळावर कॉलेजवार दिसते.

एवढं मोजूनही त्यांचं सगळं आलबेल आहे असं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ध्येय ठेवलं की २०२० पर्यंत पदवीधरांच्या प्रमाणात अमेरिका पुन्हा जगात पहिली येईल. ते काही झालं नाही, दक्षिण कोरिया कितीतरी पुढे आहे. कॉलेजात गेले पण हाती काहीच न घेता बाहेर पडले, असे कामाच्या वयाचे साडेतीन कोटींहून जास्त लोक तिथे आहेत. पण ध्येयाची मांडणी बघा: किती जण आत आले यापेक्षा किती जण पदवी घेऊन निघाले. टेनेसी राज्याने २०१३ मध्ये ठरवलं की २०२५ पर्यंत राज्यातल्या ५५ टक्के लोकांकडे पदवी किंवा प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतली शिकवणी फी माफ केली. युरोपीय संघाचंही तेच: २०३० पर्यंत २५ ते ३४ वयाच्या ४५ टक्क्यांकडे उच्च शिक्षणाची पदवी.

मला या सगळ्यात सर्वांत कामाचं वाटतं ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं एक साधं काम. २००७ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या कॉलेजांत एक योजना सुरू केली. मुख्य अट, शिक्षण पूर्णवेळ करायचं. बदल्यात प्रत्येक मुलामागे नेमलेला सल्लागार, पाठ्यपुस्तकांची मदत, उरलेल्या फीची भरपाई आणि दर महिन्याला मेट्रोचा पास. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून अभ्यास झाला. योजनेतल्या ४० टक्के मुलांनी तीन वर्षांत पदवी घेतली, बाहेरच्या गटात २२ टक्क्यांनी. पुढे ओहायो राज्यातल्या कॉलेजांत हीच पद्धत वापरली, तिथेही असाच मोठा फरक पडला. शिकवणारे तेच, अभ्यासक्रम तोच. फरक पडला तो पास, पुस्तक आणि दर महिन्याला “काय रे, कुठे अडलंय?” असं विचारणाऱ्या माणसाने.

इंदूरच्या तिन्ही वाटा मी याच चाळणीतून बघतो. प्रवेश तर तिन्हीकडे मिळेल.

शासकीय महाविद्यालय

इंदुरातल्या मराठी घरांत होळकर कॉलेज म्हटलं की आजोबांपासून कुणी ना कुणी निघतंच. १८९१ मध्ये शिवाजीराव होळकरांच्या काळात स्थापन झालेलं हे कॉलेज कलकत्ता, अलाहाबाद, आग्रा अशा विद्यापीठांना जोडलेलं राहत राहत शेवटी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इंदूर विद्यापीठाकडे आलं. त्या विद्यापीठाचं नाव १९८८ पासून देवी अहिल्या. विज्ञानासाठी होळकर, कला-वाणिज्यासाठी अटलबिहारी वाजपेयी शासकीय महाविद्यालय (आपल्या बोलण्यातलं जीएसीसी), मुलींसाठी मोती तबेल्याचं माता जिजाबाई कन्या महाविद्यालय, ही नेहमीची नावं. जीएसीसी हे आता ‘पीएम कॉलेज ऑफ एक्सलन्स’ आहे. राज्याच्या ५५ जिल्ह्यांत प्रत्येकी एक असं कॉलेज १४ जुलै २०२४ ला सुरू झालं, आणि त्या सगळ्यांचं उद्‌घाटन याच आवारातून झालं.

फी वर्षाला काही हजारांच्या घरात. त्याखाली योजनांचा आधार. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य मंडळाचे ७० टक्के किंवा सीबीएसईचे ८५ टक्के आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारं घर असेल तर फी शासन भरतं. गावातल्या शाळेतून बारावीला पहिला वर्ग मिळवलेल्या मुलीला ‘गांव की बेटी’ योजनेतून वर्षातले दहा महिने ५०० रुपये मिळतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना भाड्याच्या खोलीसाठी आवास सहायता आहे, इंदूरसारख्या शहरात महिना २००० रुपये. आवास सहायतेचा मी आवर्जून उल्लेख करतो, कारण न्यूयॉर्कच्या त्या मेट्रो पासशी नातं सांगणारी आपल्याकडची योजना हीच. मुलगा फीमुळे क्वचित कॉलेज सोडतो, खोलीच्या भाड्यामुळे आणि रोजच्या जाण्यायेण्यामुळे जास्त वेळा सोडतो.

प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून. बारावीचे गुण हीच गुणवत्ता, फेऱ्या साधारण मे महिन्यात सुरू होतात. इथे आपल्या मराठी घरांची एक खास अडचण, जवळून बघितलेली. पोर्टलवर समग्र आयडी (राज्य सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) लागतो. समग्रमधलं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं हवं. आपल्याकडे मुलीचं पूर्ण नाव म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेत घालताना कुणी मधलं नाव लिहिलं, कुणी गाळलं. आधारवर वडिलांचं नाव मधोमध, गुणपत्रिकेत नाहीच, आणि समग्रमध्ये ‘कुमारी’ जोडलेलं. फॉर्म अडकतो, तो सोडवायला झोन कार्यालयाच्या चकरा, आणि तोवर एक फेरी निघून जाते. एप्रिलमध्येच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. जन्मतारीखही तपासा.

आता खरी गोष्ट. शासकीय कॉलेज आत घ्यायला उदार आहे, पुढे ढकलायला तितकं नाही. वर्ग मोठे, आणि बरीच पदं अतिथी विद्वानांवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीच्या प्राध्यापकांवर, चाललेली. हे मास्तर वाईट शिकवतात असं मुळीच नाही, त्यांतले काही उत्तमच आहेत. पण पुढच्या वर्षी ते तिथेच असतील याची खात्री त्यांना स्वतःलाच नसते, तर तुमच्या मुलाला तीन वर्षं ओळखणारं कुणी कुठून असणार? त्यात भंवरकुआं चौक हाकेच्या अंतरावर. चौकाला आता टंट्या मामांचं नाव आहे, पण क्लासवाल्यांच्या पाट्यांवर भंवरकुआंच. पीएससीच्या क्लासला सकाळ-संध्याकाळ आणि कॉलेजला फक्त नाव, अशी शेकडो मुलं तिथे सापडतील. पीएससीला बसायला पदवी लागते आणि पदवीच्या परीक्षेची तयारी करायला वेळ नाही, हा घोळ एटीकेटीपर्यंत जातो.

मध्य प्रदेशाने नवं धोरण २०२१-२२ पासूनच पदवीला लावलं. त्यामुळे मुलाला मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय), व्यावसायिक विषय, आधार पाठ्यक्रम (फाउंडेशन कोर्स) आणि प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप असं सगळं घ्यावं लागतं. मेजरचा अभ्यास मुलं करतात. आधार पाठ्यक्रमाला कुणी अभ्यास मानत नाही, आणि पाय तिथेच अडकतो. इंग्रजी किंवा हिंदीच्या त्या पेपरला मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने जरा जास्तच लक्ष द्यावं.

तरीही, ज्या मुलाला स्वतःहून अभ्यासाला बसायची सवय आहे आणि घर शहरातच आहे, त्याच्यासाठी पैशाच्या हिशेबाने याच्या जवळपास काही नाही. स्वायत्त कॉलेजात (होळकर आणि जीएसीसी दोन्ही स्वायत्त आहेत) परीक्षा कॉलेज स्वतः घेतं आणि पदवी विद्यापीठाची मिळते. अडचण आलीच तर दार ठोठवायचं ते एकाच आवारातलं. हा फायदा वरून दिसत नाही, पण निकालात नाव चुकलं किंवा अनुपस्थितीची खोटी नोंद पडली की कळतो. एका संलग्न कॉलेजात माझ्या ओळखीतल्या मुलीचे प्रात्यक्षिकाचे गुण चढलेच नव्हते. कॉलेज म्हणे विद्यापीठात जा, विद्यापीठ म्हणे कॉलेजचं पत्र आणा. तिचा निकाल सुटेपर्यंत एम.एस्सी.ची प्रवेशाची मुदत उलटून गेली.

विद्यापीठाचा विभाग

खंडवा रोडवरचा तक्षशिला परिसर, आपल्या भाषेत यूटीडी. इथले पाच वर्षांचे एकात्मिक एम.बी.ए., एम.सी.ए., पत्रकारिता, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र यांना मागणी आहे, आणि ती उगीच नाही. विद्यापीठाला २०१९ मध्ये नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) ए-प्लस श्रेणी मिळाली होती. वर्ग लहान, सेमेस्टर पद्धत, हजेरी खरोखर घेतली जाते, विभागप्रमुख नावाने ओळखतात. पदवी पुरी होण्याच्या दृष्टीने या चारही गोष्टी फार मोलाच्या आहेत. माझ्या पाहण्यात यूटीडीत शिरलेलं मूल मधेच गळण्याचं प्रमाण शासकीय कॉलेजापेक्षा कमी आहे. आकडा देऊ शकत नाही, पण कारण दिसतं: सहा महिन्यांतून एकदा परीक्षा आली की मागे पडलेलं लवकर लक्षात येतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली फीत. यातले बरेच अभ्यासक्रम स्ववित्तपोषित आहेत, म्हणजे नाव सरकारी आणि फी वर्षाला दहा हजारांच्या पटीत. खासगी विद्यापीठापेक्षा कमी, शासकीय कॉलेजापेक्षा कितीतरी जास्त. मेधावी योजनेत बसत असाल तर हे अंतर मिटतं. पण लाभ चालू राहायला वेळेत पास व्हावं लागतं, हे मुलाच्या कानावर पहिल्याच दिवशी घाला. दुसरी किंमत वेळेची. इथला प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर. ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था घेते आणि तिचा निकाल आपल्या हातात नसतो: २०२४ मध्ये तो २८ जुलैला लागला, २०२५ मध्ये ४ जुलैला. त्यानंतर समुपदेशनाच्या फेऱ्या. तोवर शासकीय कॉलेजांच्या पहिल्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात आणि चांगल्या विषयांच्या जागा भरलेल्या. ज्यांनी सीयूईटीचा फॉर्मच भरला नव्हता, त्यांच्यासाठी ही वाट बहुतांशी बंदच. दरवर्षी जूनमध्ये हे कळणारी घरं भेटतात आणि वाईट वाटतं. फॉर्मची तारीख हिवाळ्याच्या शेवटाकडे येऊन निघून जाते.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दल एक प्रश्न विभागात जाऊनच विचारा आणि उत्तर विद्यापीठाच्या अध्यादेशात (नियमांत) दाखवायला सांगा: तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलं तर काय मिळतं? काही ठिकाणी पदवी मिळते, आणि ती कोणती, हे अभ्यासक्रमानुसार बदलतं. पाच वर्षं हा मध्यमवर्गीय घरात मोठा काळ आहे. मोठ्या बहिणीचं लग्न, वडिलांची निवृत्ती, काहीही मध्ये येतं.

मुक्त विद्यापीठ

इग्नू (१९८५) आणि भोपाळचं मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ (१९९१). दोन्हींची अभ्यास केंद्रं इंदुरात आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. त्यामुळे “तिला कोण विचारतं” हा जुना प्रश्न आता बाजूला ठेवावा.

कुणासाठी? ज्याला बारावीनंतर लगेच दुकानात किंवा कंपनीत उभं राहावं लागलंय त्याच्यासाठी. आणि ज्या मुलीचं लग्न दोन वर्षांत ठरेल अशी घरात चिन्हं आहेत तिच्यासाठी. दुसरं वाचून काही जणांच्या कपाळावर आठी पडेल, मलाही ते लिहायला आवडत नाही. पण इंदूरच्या मराठी घरांतल्या मुली पुणे-नागपूरला जातात, हे आपण सगळे बघतो. तिथे इग्नूचं प्रादेशिक केंद्र बदलून मिळतं, शिक्षण तिच्यासोबत जातं. भोज विद्यापीठाचं कार्यक्षेत्र राज्यापुरतं, त्यामुळे फी जवळपास असली तरी अशा मुलीने इग्नूच धरावं. इग्नूत वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रवेश असतो. सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची पदवी पुरी करायला त्याच्या दुप्पट काळ मिळू शकतो.

आणि हीच ढील घातक. असाइनमेंट दिलेल्या मुदतीत जमा केली नाही तर पेपर दिला तरी गुणपत्रक अपुरं राहतं. “पुढच्या डिसेंबरला देऊ” म्हणत वर्षं जातात, आणि कुणी फोन करून विचारत नाही. घरात एक माणूस असा हवा जो दर महिन्याला विचारेल. तो नसेल तर फी स्वस्त असूनही हा सौदा महाग पडतो. बी.एस्सी.साठी तर मी हा मार्ग सुचवणारच नाही, प्रात्यक्षिकांची ओढाताण फार.

आडवाट म्हणजे स्वाध्यायी, आपण ज्याला ‘प्रायव्हेट परीक्षा देणं’ म्हणतो. वर्ग नाही, असाइनमेंट नाही, फक्त परीक्षा. नोकरी करणाऱ्या, वाचनाची सवय असलेल्या तिशीतल्या माणसाला ठीक. अठरा वर्षांच्या मुलाला नको.

मधेच थांबलं तर?

नव्या धोरणाने दिलेला मोठा दिलासा म्हणून सांगितला जातो तो बहु-प्रवेश आणि बहु-निर्गमन. एक वर्ष करून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) आणि चार वर्षांना १६०. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर ४० क्रेडिटबरोबर उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रमही करावा लागतो. हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. त्यांना वाटतं पहिलं वर्ष पास झालं की कागद आपोआप मिळेल. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी. क्रेडिट जमा राहतात ते जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये.

कागदावर हे उत्तम आहे. आजारपणात, घरच्या अडचणीत वर्ष वाया जात नाही, हा खरा फायदा. पण काही घरांत मी ऐकतो, “एक वर्ष तर करू दे, सर्टिफिकेट तर मिळेल.” या बोलण्याला माझा ठाम विरोध आहे. इंदुरात बँकेची, पीएससीची, व्यापमची (नाव बदललं तरी तोंडात तेच), शाळांतली जाहिरात उघडा. पात्रतेत ‘स्नातक’ लिहिलेलं असतं. एक वर्षाचं सर्टिफिकेट हा विमा आहे. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून कुणी आजारी पडत नाही. आणि देशाच्या हिशेबात बघाल तर असा मुलगा गळती म्हणून नाही, ‘निर्गमित’ म्हणून लिहिला जाईल. सरकारी हिशेबाला ही नोंद सोयीची आहे. तुम्ही तिला भुलू नका.

क्रेडिट घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जाण्याबद्दलही पाय जमिनीवर ठेवा. बँकेत क्रेडिट असणं वेगळं आणि पुण्याच्या विद्यापीठाने ते आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतं असं मानून दुसऱ्या वर्षात जागा देणं वेगळं. तिथे जागा रिकामी हवी, विषय जुळायला हवेत. म्हणून बदलीची नोकरी असलेल्या घरांनी विषयांचा संच सर्वसाधारण निवडावा. इतिहास-अर्थशास्त्र-राज्यशास्त्र कुठेही जुळतं. स्थानिक पातळीवर आखलेला एखादा नवा व्यावसायिक विषय अडतो.

चौथं वर्ष करावं का? संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमेस्टरांत ७५ टक्के लागतात. पुढे पीएच.डी. किंवा परदेश डोक्यात असेल तर करा. नाहीतर तीन वर्षांवर पदवी घ्या आणि एम.ए., एम.एस्सी. नेहमीसारखं दोन वर्षांत करा.

मग कुणी कुठे

अभ्यासू, शहरात घर असलेलं, विज्ञानाकडे ओढा असलेलं मूल असेल तर होळकर, दुसरा विचार करू नका. ज्याला कुणीतरी मागे लागल्याशिवाय जमत नाही, त्याला परवडत असेल तर यूटीडी, आणि परवडत नसेल तर ज्या शासकीय कॉलेजातल्या त्याच्या विभागात नियमित प्राध्यापक जास्त आहेत ते, मग ते नावाने लहान का असेना. महू, देपालपूर, सांवेरहून रोज येणाऱ्या मुलीसाठी मी आधी तिच्या तालुक्याचं शासकीय कॉलेज बघेन. इंदूरचं नाव मोठं असतं, पण दुपारच्या प्रात्यक्षिकानंतर शेवटची बस सुटत असेल तर तिसऱ्या वर्षापर्यंत ती टिकणं कठीण. कमावतं मूल किंवा गाव बदलणार असलेली मुलगी असेल तर इग्नू, विचारणारा माणूस घरात नेमून.

कुठेही जा, प्रवेशाच्या दिवशी त्या विभागात एक प्रश्न विचारा: तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती होते, आणि यंदा तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला किती बसले? बाबू वैतागेल. प्राध्यापकांना विचारा, त्यांच्याकडे अंदाज असतो. साठातले पन्नास बसले असतील तर निश्चिंत व्हा. साठातले पंचवीस असतील तर बाकीचे कुठे गेले ते विचारा; उत्तर “क्लासला जातात” असं आलं तर एक, “नापास होतात” असं आलं तर दुसरं, आणि “माहीत नाही” असं आलं तर सर्वांत वाईट.

सीयूईटीच्या निकालाची वाट बघणाऱ्यांनी ई-प्रवेशातली जागा सोडू नये. शासकीय कॉलेजात फी भरून ठेवा आणि यूटीडीचं नाव लागलं तर परत मागा. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून परत, असं परिपत्रक काढलं होतं. यंदाचं परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावरून छापून खिशात ठेवा, कारण खिडकीवर “असा नियम नाही” असं सांगणारे भेटतात. मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेऊ लागलं तर देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायला आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे. टीसी मात्र एकच असते, म्हणून ती जमा करताना पोचपावती घ्या आणि तिच्यावर तारीख घालून घ्या.